शेगडीला ऐकवलेल्या म्हणी

हे सगळं रामायण म्हणींवरून घडलं, पण त्यातली एकही म्हण मी इथं सांगणार नाही. वाचणाऱ्याला वाटेल, एवढ्या पाठ आहेत तर एखादी सांगायला हिचं काय जातं? जातं. म्हणून तर सोडल्या. लोक तंबाखू सोडतात तशा सोडल्यात. अजून दिवसातून दहा वेळा जिभेवर येतात आणि मी गिळून टाकते.

मी लताबाई. सावद्याला आमची केळीची शेती आहे. घरात माझे मालक जीवराम, मुलगा हितेंद्र, सून डिंपल आणि मी, अशी चारच माणसं. भांडायला माणसं कमी पडतात असं मालक म्हणतात, पण ते काही खरं नाही.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाई मला कधी सरळ रागावल्या नाहीत. त्या चुलीशी बोलायच्या. वरणात मीठ जास्त पडलं, की फुंकणी हातात घेऊन चुलीपुढं बसायच्या आणि चुलीला एक म्हण ऐकवायच्या. माहेरी दोन दिवस जास्त राहिले, की गोठ्यातल्या म्हशीला एक म्हण. नाव कुणाचं घ्यायचं नाही, कुणाकडं बघायचं नाही. आपण रडलोच, तर ‘तुले कोन बोललं व बाई?’ असं विचारायला त्या मोकळ्या. पहिलं वर्ष मला काही कळलंच नाही. दुसऱ्या वर्षी एकही चुकेना. तिसऱ्या वर्षापासून, ज्या माझ्यासाठी नव्हत्या त्याही मला माझ्याच वाटायला लागल्या. कान एकदा असा झाला, की पुन्हा सरळ होत नाही.

सासूबाई गेल्या, म्हैस विकली, चुलीच्या जागी गॅसची शेगडी आली. सवय तेवढी माझ्याकडं राहिली. दोन वर्षांपूर्वी डिंपल सून म्हणून आली. पहूरची मुलगी, बी. कॉम. झालेली, बोलणं शाळेतल्या बाईंसारखं स्वच्छ. तिला उठायला उशीर झाला, की मी शेगडी पुसता पुसता शेगडीला एखादी ऐकवायची. ती शांतपणे चहा ठेवायची. तिला कळतच नाही, असं मी धरून चालले होते.

आता मुद्द्याचं. माझी थोरली नणंद, मंदाअक्का, धुळ्याला असते. तिचे मालक एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, तीन वर्षांपूर्वी वारले. मुलाचं नाव नवीन, तो पुण्यात असतो. चाळीस वर्षं तिकडं राहून ती आता ‘आहे’ला ‘शे’ म्हणते. संक्रांतीला ती आठ दिवस आमच्याकडं राहून गेली आणि गेल्यावर नवीननं तिला नवा मोबाईल घेऊन दिला. घरच्यांचा एक ग्रुप आहे, त्यात तिला घातलं. आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सहाच्या ठोक्याला अक्काची एक म्हण ग्रुपवर यायला लागली. वर म्हण, खाली जोडलेले हात.

बाकीच्यांनी खाली अंगठ्याची चित्रं टाकली. मी मात्र चष्मा लावून वाचली.

पहिले पाच-सहा दिवस काही वाटलं नाही. मग एका दुपारी शेजारीण शेवग्याच्या शेंगा मागायला आली. झाड लदबदलेलं होतं, पण तिनं आमची परात चार महिने परत केली नव्हती, म्हणून मी शेंगा संपल्या असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता अक्काची म्हण आली ती कंजूष माणसावर. माझ्या हातातला कप तसाच राहिला. शेंगांची गोष्ट धुळ्याला कशी गेली?

मी मालकांना विचारलं. ते सुपारी कातरत होते.

“कायले डोकं लावते तू?” ते म्हणाले. “अक्काले एकटीले करमत नही. टाकते बिचारी.”

त्यांना काय, त्यांनी आयुष्यात कधी चुलीपुढं बसून ऐकून घेतलेलं नाही. मी गॅसच्या पासबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर तारीख घालून लिहायला लागले. डावीकडं काल घरात काय झालं ते, उजवीकडं आज अक्कानं काय पाठवलं ते. बोदवडच्या लग्नात मी पैठणी नेसले, तर दुसऱ्या दिवशी म्हण आली डामडौलावर. भरिताची वांगी माझ्याकडून करपली आणि मी म्हणाले वांगीच वाईट होती, तर दुसऱ्या दिवशी म्हण आली स्वतःचं खापर दुसऱ्यावर फोडणाऱ्यांची. हितेंद्रशी माझं वाजलं, तर सकाळी आई-लेकाची. काही दिवस जुळायचं नाही. ते मी लिहीत नव्हते, कारण जुळत नाही ते लिहून काय करायचं?

कुठंतरी पाणी मुरत होतं, आणि ते मुरवणारं घरातलंच कोणीतरी होतं. मालकांना फोन लावता येतो, पण बोलायला काही सुचत नाही. हितेंद्र दिवसभर केळीच्या बागेत. राहिलं कोण?

डिंपल रोज अकराच्या सुमाराला मोबाईल घेऊन गच्चीच्या जिन्यावर बसायची. मी एकदा हळदीची बरणी आणायच्या निमित्तानं जिन्याखाली गेले. वरून “हो अक्का, हो, सकाळीच झालं ते” एवढं ऐकू आलं आणि मी खोकले. ती लगेच खाली आली.

“काव डिंपल, कोनाशी बोलत व्हती?”

“धुळ्याच्या अक्कांशी. त्यांचा गुडघा दुखतोय ना.”

“रोजच दुखते का व?”

“रोजच दुखतो, आई.”

उत्तर अगदी बरोबर होतं, आणि इतकं बरोबर उत्तर लगेच देता येतं याचाच मला संशय आला. त्या दिवसापासून मी तिच्याकडं वेगळ्या नजरेनं पाहायला लागले. ती हसली तर का हसली, गप्प बसली तर काय लपवते. रात्री जेवताना तिनं अक्काचं नाव काढलं की मी हितेंद्रकडं बघायची. तो भाकरी कुस्करत असायचा.

शेवटी मी ठरवलं, की एकदाच खात्री करून घ्यायची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बारा-तेरा दिवस राहिले होते. सकाळी दहाला, तिच्या फोनच्या आधी, मी डिंपलला आत बोलावलं, दार लोटलं आणि हळूच सांगितलं, “मी जयगावहून सोन्याची पोत आनली. तांदयाच्या डब्यात ठुली. तुह्या सासऱ्याले सांगू नको, हितेंद्रले बी नको. तुलेच ठाऊक पायजे.”

साफ खोटं. जळगावची काय, कुठलीच पोत नव्हती. डब्यात तांदूळ आणि बोरिक पावडर होती.

“बरं आई,” ती म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला, की मला एक क्षण वाईट वाटलं. घरात आल्यापासून मी तिला पहिल्यांदाच काही विश्वासानं सांगत होते. हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि तरी मी थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी सहा वाजायच्या आधीच मी मोबाईल घेऊन बसले होते. म्हण आली. तिच्यात सोनं होतं.

मी स्वयंपाकघरात गेले. डिंपल भाकरी थापत होती. मी शेगडीसमोर उभी राहून, घरातलं बाहेर नेणाऱ्यांवर सासूबाईंची जी सगळ्यात जहाल म्हण होती, ती शेगडीला ऐकवली. तिचं थापणं थांबलं नाही. मग मी दुसरी ऐकवली. तिसरी तोंडात आली तेव्हा तिनं परातीतून हात काढले.

“आई, तुम्ही शेगडीशी बोलताय की माझ्याशी?”

असं आमच्या घरात कधी कुणी विचारलं नव्हतं. मी ओरडले. “ज्याले लागलं त्याच्याशी! पोतचं कोनाले सांगितलं तू? मी तुलेच सांगितलं व्हतं!”

ओरडा ऐकून हितेंद्र आला, मालक आले. मी गॅसचं पासबुक काढून सगळ्यांपुढं तारखा वाचून दाखवल्या. डिंपल ऐकत राहिली. “मी कोणाला काही सांगितलेलं नाही,” एवढंच म्हणाली आणि मोबाईल माझ्यापुढं धरला. त्यात रोज अकरा वाजता धुळ्याचा फोन होता.

“बोललेलं उमटते का त्याच्यात?” मी म्हणाले.

हितेंद्रनं तिच्याकडं पाहून हळू आवाजात विचारलं, “तू बोलली का काही अक्काजवळ?” तो बिचारा भांडण मिटवायला बघत होता. पण तिचा चेहरा तिथं पडला. माझ्या ओरडण्यानं पडला नव्हता तेवढा त्याच्या विचारण्यानं पडला. ती परातीकडं वळली आणि उरलेल्या भाकऱ्या थापायला लागली.

आखाजीच्या पाच दिवस आधी तिचा भाऊ भूषण तिला न्यायला आला. त्यात नवं काही नाही, आखाजीला आमच्याकडच्या सगळ्या लेकी माहेरी जातात, झोके खेळतात, आठ-दहा दिवसांनी परततात. त्यासाठी एक पिशवी पुरते. डिंपलनं लग्नातली मोठी बॅग काढली. मी दारातून बघत होते. साड्या गेल्या, ड्रेस गेले, पदवीच्या कागदांची फाईल गेली. मग कपाटाच्या वरच्या कप्प्यातून तिनं स्वेटर काढला आणि घडी करून बॅगेत ठेवला. बाहेर चव्वेचाळीस डिग्री ऊन होतं.

स्वेटर कशाला, ते मला कळलं. मी हितेंद्रला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिला अडवावं लागलं असतं, आणि अडवायचं तर मी चुकले असं म्हणावं लागलं असतं. तेव्हा तर मीच बरोबर होते.

ती गेली. हितेंद्रचे फोन ती उचलेना. तिसऱ्या दिवशी तिच्या आईनं उचलला आणि म्हणाली, “ती आता इथंच राहीन म्हन्ते, जावाईबापू. आमी काय बोलावं?” हितेंद्रनं त्या दिवशी जेवताना माझ्याकडं पाहिलंही नाही. अक्काच्या म्हणी येतच होत्या, रोज सहाला. आणि मजा अशी, की घरात सांगायला कुणी उरलं नव्हतं तरी त्या जुळत होत्या. एका सकाळी तर रिकाम्या घरावरची आली. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. डिंपल पहूरला बसून इथलं काय सांगणार?

आखाजीच्या दिवशी मी पितरांची घागर भरली, वर खरबूज ठेवलं, नैवेद्य दाखवला. सासूबाईंचं नाव सगळ्यात शेवटी घेतलं. दुपारी हातांना काम हवं म्हणून मालकांचे शेतातले सदरे मशीनमध्ये टाकायला काढले. यांच्या खिशात सुपारीच्या पुड्या असतात. रोज पहाटे उठायचं, सुपारी कातरायची, कागदात बांधायची आणि बागेत जायचं, हे त्यांचं वर्षानुवर्षं चाललंय. मी खिसा उलटा केला. चुरगळलेला कागद पडला. उचलून पाहिला तर एका बाजूला मोठा लाल आकडा, मागच्याच्या मागच्या शनिवारचा. दुसऱ्या बाजूला बारीक अक्षरात काहीतरी. सुपारीचा चुरा झटकून मी वाचलं.

सोन्याची म्हण होती.

 मी खुंटीवरचे सगळे सदरे खाली काढले, कोट काढला, सायकलच्या पिशवीतला डबा उघडला. चौदा पानं निघाली. कंजूष माणसाची त्यात होती, रिकाम्या घराचीही होती. गॅसचं पासबुक आणून एकेक लावत गेले. एकही चुकेना.

ओसरीवर रोज पान फाडायचं कॅलेंडर आहे. बाजारातल्या घेवरचंद शेठच्या दुकानानं दिलेलं. त्याचा नातू जिनेश दरवर्षी एक देतो, यंदा दोन दिली होती. आमचं कॅलेंडर पहाटे मालक फाडतात. म्हण पानाच्या मागं छापलेली असते, म्हणजे पान फाडल्याशिवाय दिसत नाही, आणि फाडलेलं पान माझ्या आधी सुपारी घेऊन बागेत जातं. आणि दुसरं कॅलेंडर? संक्रांतीला अक्का निघाली तेव्हा तिच्या पिशवीत तिळगुळाच्या डब्याखाली मीच सारलं होतं. मीच, या हातांनी.

मी अक्काला फोन लावला.

“अक्का, तू रोज पाठोते त्या म्हनी कुठून आनते?”

“ते कॅलेंडरवरलंच शे व,” अक्का हसली. “माले कुठे येतीस इतल्या? तूच दिन्हं ना ते. सावदानं नाव रोज सकायले दिखस, बरं वाटस.”

“आन डिंपल? ती तुले काय सांगे?”

“ती काय सांगी? मना गुडघानं इचारस. तेल कोनतं लावू ते सांगस. तुनं नाव चांगलंच लेस. पन आठ दिवसमा तिना फोन नही. बठ्ठं बरं शे ना, लता?”

मी म्हणाले, सगळं बरं आहे. एवढं खोटं मी पोतीचं बोलतानाही बोलले नव्हते.

मालक आल्यावर मी ती पानं त्यांच्यापुढं टाकली. “तुमी एक डाव तरी मांगची बाजू वाचायची!”

“पुडी बांधू का वाचत बसू?” ते म्हणाले. मग पासबुकाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि पहिल्यांदा जरा कठोर आवाजात म्हणाले, “तिले आनायले कोन जाईन?”

हितेंद्र निघतच होता. मी त्याला थांबवलं. सासू सुनेला आणायला गेली असं आमच्या घराण्यात कुणी ऐकलेलं नाही, पण त्याला पाठवून भागणार नव्हतं.

सकाळच्या एसटीनं भुसावळ, तिथून जामनेर, तिथून पहूर. ऊन खिडकीतून अंगावर येत होतं आणि मी मनात म्हणी चाळत होते. तिथं गेल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं? एक आठवली, तिच्यात दोन्हीकडच्यांची सारखीच चूक होत होती. दुसरी आठवली, तिच्यात मोठ्या माणसांचं चुकतंच, असं म्हणून मोठं माणूस सुटत होतं. तिसरीत सगळा दोष दैवाचा. जामनेर येईपर्यंत मी तीसेक तरी आठवून पाहिल्या. त्यातली एकही अशी नव्हती, की जिच्यात बोलणारा स्वतः वाकतो. सासूबाईंनी मला एवढं शिकवलं, पण माफी मागायची म्हण काही शिकवली नाही.

पहूरला डिंपलच्या घरामागं कडुलिंबाला झोका बांधला होता. माहेरी आलेल्या पोरी गाणी म्हणत होत्या. डिंपल झोक्यावर होती. मला पाहून तिनं पाय टेकवले आणि झोका थांबवला. तिच्या आईनं ओसरीवर सतरंजी टाकली, पाणी दिलं आणि दाराशी उभी राहिली. मनात काय होतं कोण जाणे, पण पाणी गार दिलं.

डिंपल समोर बसली. मी पिशवीतून ती पानं काढून तिच्या हातात दिली.

“अक्काच्या म्हनी याच्यातल्या व्हत्या,” मी म्हणाले. “कॅलेंडरच्या. तू कोनाले काही सांगितलं नही. पोत बी खोटी व्हती, मी तुही परीक्षा पाहाले सांगितलं. मी चुकली व डिंपल. लय चुकली.”

 एवढं सरळ मी कुणाशी कधी बोलले नव्हते.

तिनं पानं एकेक करून वाचली. उलटून तारीख बघायची, पुन्हा उलटून मागचं वाचायची. सगळी वाचून झाल्यावर तिनं ती नीट एकावर एक लावली.

“म्हणजे या कोणासाठीच नव्हत्या,” ती म्हणाली.

“नही. कोनासाठीच नही.”

“आणि आई, दोन वर्षं तुम्ही शेगडीला ऐकवत होता, त्या?”

मागं झोक्याचं गाणं चालू होतं. तिच्या आईनं दारातून माझ्याकडं पाहिलं. माझ्या तोंडाशी सासूबाईंचं उत्तर तयार होतं, पन्नास वेळा ऐकलेलं. तुला कोण बोललं बाई? एवढं म्हटलं असतं की मी सुटले असते. आणि मला स्वच्छ दिसलं, की मी तसं म्हटलं तर ही मुलगी मला नमस्कार करेल, जेवायला वाढेल आणि पुन्हा सावद्याला येणार नाही.

“तुह्यासाठीच व्हत्या,” मी म्हणाले.

“सगळ्या?”

“सगया.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. तिनं डोळे पुसले नाहीत, लपवलेही नाहीत. “मला पहिल्या महिन्यापासून कळत होत्या,” ती म्हणाली. “मी आज येणार नाही, आई. रविवारी येईन. पण काही बोलायचं असलं तर मला बोला. माझं नाव घेऊन बोला.”

मी मान हलवली. तिच्या आईनं जेवायला वाढलं. आमरस होता, पोळी होती. मला दोन घासांवर गेलं नाही. परतीच्या गाडीत मागच्या सीटवरची बाई सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरला एक म्हण ऐकवून मोकळी झाली, आणि माझे कान लगेच टवकारले. मी मागं वळून पाहिलंसुद्धा.

रविवारी डिंपल आली. हितेंद्र तिला घ्यायला स्टँडवर गेला होता. तिच्या हातात एकच छोटी पिशवी होती. आता ती सकाळी उशिरा उठली की मी तिचं नाव घेऊन हाक मारते, आणि राग आला तर तिलाच सांगते. तीही मला सांगते, आणि ते ऐकायला जड जातं. मोठी बॅग अजून पहूरलाच आहे. मी विचारत नाही. स्वेटरही त्याच बॅगेत आहे. थंडी पडायला अजून सहा महिने आहेत, आणि मी शेगडीशी बोलत नाही.